नऊ दारांच्या पिशव्या

शुक्रवार, ५ नोव्हेंबर

नऊच्या नऊ पोचवल्या! पाय भरून आलेत. दिवे लावायला अजून तास आहे, तेवढ्यात लिहून टाकते. त्यानंतर शब्बाथ सुरू, म्हणजे विश्रांतीचा दिवस, लेखणीलाही सुट्टी.

नियम तोच. दाराशी पिशवी ठेवायची, तीनदा ठोठावायचं आणि मागे न बघता चालू लागायचं. घेणाऱ्याला कुणासमोर मान खाली घालावी लागू नये म्हणून. कुठल्या दाराआड कोण राहतं ते मला माहीत असून माहीत नाही.

आजही सात नंबरला ठोठावून वळले, तर आत सगळं चिडीचूप. पूर्वी पावलं यायची, कडी वाजायची, बाळ रडायचं. आमच्या प्रार्थनेच्या जागेच्या, सिनेगॉगच्या काचा फोडल्या तेव्हापासून सगळे दबकून राहतात, हे मला कळतं. पण बाळ कसं दबकून राहील?

रविवार, ७ नोव्हेंबर

सिनेगॉगच्या मागच्या खोलीत, खुंट्यांवर नऊ रिकाम्या पिशव्या. धुऊन परत आणून अडकवलेल्या. म्हणजे सगळे ठीक आहेत. मीच उगाच काहीबाही डोक्यात घेते.

धाकटीचा फोन. "आई, कागद झाले. अठ्ठावीसचं तिकीट काढलंय. आता नाही म्हणायचं नाही हं."

"आणि माझ्या नऊ दारांचं काय?"

"बघेल की दुसरं कुणीतरी!"

दुसरं कुणीतरी! सिनेगॉगच्या चिटणिसांनी दारांची यादी एकट्या माझ्या हातात दिली. "वहिनी, आता एकत्र जमायचं नाही. प्रार्थना ज्याने त्याने घरी करायची. पण पिशव्या थांबवू नका. पिशव्या चालू आहेत तोवर आपण आहोत." हे त्यांचे शब्द. तीन महिने झाले, त्यांचाही फोन लागत नाही.

मंगळवार, ९ नोव्हेंबर

सिनेगॉगमधलं दानाचं कपाट आवरलं. तांदूळ, साखर, माशांचे डबे — कुणीतरी आणून ठेवलेत, नेहमीसारखं नाव न सांगता. आपल्यात जो घेतो त्यानेही दुसऱ्यासाठी काहीतरी द्यायचंच असतं. त्यामुळे हे कपाट कधी ओस पडलं नाही.

मग एक डबा हातात आला. लेबल अर्धं फाटलेलं, कडेला पोचा. हा तर मी शुक्रवारी पाच नंबरच्या पिशवीत घातला होता! पोचा माझ्याच हातून पडून आलेला, विसरेन कशी?

असेल. पाच नंबरला मासे आवडत नसतील.

गुरुवार, ११ नोव्हेंबर

झोप नीट नाही. आज पिशव्या भरताना प्रत्येक वस्तूच्या तळाशी पेन्सिलीने दाराचा नंबर घातला. माझं मलाच हसू आलं. म्हातारपणी पोलीस झाले!

रविवार, १४ नोव्हेंबर

सगळं परत आलंय.

एक ते आठ नंबरचं सगळं कपाटात. साखरेची पुडी न फोडलेली. तांदळाच्या पुरचुंडीला मी मारलेली गाठ तशीच. फक्त मी भाजलेले पाव तेवढे नाहीत. नऊ नंबरचं मात्र काहीच परत नाही, रिकामी पिशवी फक्त.

आठ घरं काही खात नाहीत? मग जगतात कशावर? बराच वेळ कपाटासमोर तशीच बसून राहिले, आणि मग एकटीने तिथे बसायची भीती वाटायला लागली म्हणून घरी आले.

शुक्रवार, १९ नोव्हेंबर

नियम मोडला. हे लिहितानाही लाज वाटते आहे, पण मोडला.

सात नंबरला ठोठावलं आणि कोपऱ्यावरच्या बंद दुकानाच्या आडोशाला उभी राहिले. दार उघडलं नाही. दहा मिनिटांनी रस्त्याने बाइंडर आले, आपल्या चार नंबरचे, प्रार्थनेची पुस्तकं बांधून देणारे. हातात चाकांची पिशवी. दारातली पिशवी उचलून त्यांनी तिच्यात टाकली आणि पुढे निघाले. जसे काही पोस्टमन, उलट्या दिशेचे!

मी समोर जाऊन उभी राहिले. "कुणाच्या तोंडचं उचलताय?"

ते तिथेच पायरीवर बसले. "कुणाच्याच नाही, वहिनी. सगळे गेले."

"कुठे गेले?"

"कुणी लेकीकडे, कुणी भावाकडे. निरोप घ्यायचं तोंड नव्हतं कुणाला. सात नंबर जूनमध्ये, चिटणीस ऑगस्टमध्ये. प्रत्येकाने जाताना एकच सांगितलं — वहिनींना कळू देऊ नका, त्यांचं अवसान गळेल."

रागाने माझं डोकंच फिरलं. मी काय लहान मूल आहे? पाच महिने मी रिकाम्या घरांची दारं ठोठावते आहे! आणि मग विचारलं, "तुम्ही का नाही गेलात?"

"शुक्रवारी तुमची पावलं येतात. त्यासाठी थांबलो." मग, "आठ-आठ पाव खाऊन मेटाकुटीला आलोय मात्र. मीठ जरा कमी घालत जा."

रस्त्यात उभ्याउभ्या मला रडू आलं आणि हसूही आलं. आता घाईने लिहिते आहे, दिवे लावायची वेळ झाली.

रविवार, २१ नोव्हेंबर

बाइंडर चहाला आले. ठरवून टाकलं. दोन माणसांची कसली आली वस्ती? मी अठ्ठावीसला धाकटीकडे, ते त्याच दिवशी पुतण्याकडे. धाकटी फोनवर रडलीच. मलाही बरं वाटलं, खोटं का बोलू.

मी सहज म्हटलं, "नऊ नंबरचे चार जिने चढून तुमच्या गुडघ्यांचं वाटोळं झालं असेल."

त्यांनी कप खाली ठेवला. "नऊ नंबरला मी जातच नाही. तिथल्या मास्तरीणबाई तर सगळ्यात आधी गेल्या. त्यांचं सामान मीच उतरवलं. मला वाटलं, जिने झेपत नाहीत म्हणून वरची पिशवी तुम्ही ठेवतच नाही. नववी खुंटीवर तुम्हीच अडकवता."

"मी नाही अडकवत."

दोघंही उठून सिनेगॉगमध्ये गेलो. मी पिशव्या मोजल्या. त्यांनीही मोजल्या. नऊ.

सोमवार, २२ नोव्हेंबर

भरदुपारी दोघं मिळून चार जिने चढलो. बाइंडर प्रत्येक मजल्यावर थांबत होते. दाराला बाहेरून कुलूप. कुलपावर बोटभर धूळ. उंबरा मात्र पुसलेला. बोट लावून बघितलं — ओला.

हाका मारल्या. कुणी ओ दिली नाही. शेजारची दोन्ही दारंही बंद, खिडक्यांना आतून कागद.

"मांजर असेल," बाइंडर म्हणाले.

मांजर पिशवी धुतं का? उतरताना दोघंही भराभर उतरलो, त्यांच्या गुडघ्यांचीही तक्रार नव्हती.

शुक्रवार, २६ नोव्हेंबर

आज एकच पिशवी भरली. तांदूळ, साखर, एक डबा, एक पाव, शब्बाथच्या दोन मेणबत्त्या. वर चिठ्ठी: "आम्ही दोघंच उरलो होतो. रविवारी निघतो. यापुढे पिशवी येणार नाही. क्षमा करा."

दाराशी ठेवली, तीनदा ठोठावलं, वळले. तिसऱ्या मजल्यावर आले तेव्हा वरून पिशवी फरशीवर ओढल्याचा आवाज आला. हळू, थांबत थांबत. जिन्याचा कठडा घट्ट धरला, पण मागे बघितलं नाही.

खाली बाइंडर उभे होते. त्यांनी लगेच दार लोटून मला बाहेर घेतलं. माझा चेहरा पाहिला असणार.

रविवार, २८ नोव्हेंबर

बॅग घेऊनच बाइंडरांबरोबर सिनेगॉगला कायमची किल्ली फिरवायला गेले. खुंटीवर पिशवी होती, अजून दमट. चिठ्ठीला उत्तर नाही. आत एक मेणबत्ती. दोन दिल्या होत्या. एक स्वतः लावली, एक आमच्यासाठी धाडली.

बाइंडरांनी बघितलं आणि अंगातला कोट काढून शेजारच्या खुंटीला अडकवला.

धाकटीला फोन केला. तिकीट रद्द कर.

"आई! पुन्हा ती दारं?"

"एकच दार आहे," मी म्हटलं. "पण तिथून दान आलंय."