मुलुखियाची निर्दोष मुक्तता

दुमियात, गुरुवार
(आज मशीनची पाळी नाही)

तीर्थस्वरूप इन्शिराहताईस,

धाकट्या मुतवल्लीचा शिरसाष्टांग सलाम (यातून डावी मांडी वगळावी, कारण पुढे येईल). तुझे गुडघे, तुझा रक्तदाब, गच्चीवरची कबुतरं आणि खालची ती भांडखोर भाडेकरीण, सगळी खुशाल असावीत. अल्लाच्या कृपेने मीही ठीक आहे. पत्र पाहून दचकू नकोस. फोनच करणार होतो, पण पंधरा दिवस तू आमचा फोन उचलत नाहीस, आणि उचललास तरी तुझी भावजय कौसर शेजारी बसून माझी वाक्यं पूर्ण करते. पत्र तरी मी एकट्याने पूर्ण करीन अशी आशा आहे.

ताई, आधी निकाल सांगतो, मग खटला. तुझ्या हातची ती पाल्याची भाजी, मुलुखिया, निर्दोष सुटली! काल, भर वॉर्डात, डॉक्टरीणबाईंच्या तोंडून.

आता पहिल्यापासून. माझ्या हृदयाचा ठोका चुकायला लागला त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू, आणि त्या गोळीचं हिरव्या पाल्याशी हाडवैर, म्हणून मुलुखिया बंद. शेजारीपाजारी लसणाची फोडणी पडली की मी खिडकी लावून घ्यायचो. कौसरचा पहारा तर असा, की रोज संध्याकाळी मगरिबची बांग झाली की ती स्वतःच्या हाताने गोळी माझ्या जिभेवर ठेवायची आणि मग तोंड उघडायला लावून आत डोकावायची (मी गोळी गालात लपवली तर? एकदा लपवली होती). दोन वर्षांपूर्वी मूत्रपिंडांनीही राजीनामा दिला आणि आठवड्यातून तीन दिवस रक्त गाळायच्या मशीनवर पडून राहणं नशिबी आलं.

मग ईदला मी एकटाच तन्ताला तुझ्याकडे आलो. सशाचा रस्सा, ताजा बारीक चिरलेला पाला, आणि फोडणी ओतताना तू घेतलास तो श्वास, आत ओढलेला, लांबलचक, साप पाहिल्यासारखा. आई म्हणायची, हा श्वास घेतला नाही तर पाला तळाशी बसतो. कौसरच्या माहेरची माणसं शहाणी, ती श्वास घेत नाहीत, आणि त्यांचा पाला खरोखरच तळाशी बसतो (हे वाक्य वाचून झालं की खोड). 'एका दिवसानं काय होतंय, खा रे,' असं तू म्हणालीस आणि मी तीन वाडगे खाल्ले.

तीन आठवड्यांनी मांडीवर जांभळी जाळी उमटली. खाली एक गाठ. मी चाळीस वर्षं खुर्च्या कोरल्या, लाकडातली गाठ मला बोटाने कळते. ही तशीच होती, टणक, पण लाकूड ओरडत नाही. नुसती चादर लागली तरी डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. माझ्या सुतारी डोक्याने शोध लावला, की वाडग्यात चिकट असलेली मुलुखिया शिरेतही चिकटच राहणार, ती मांडीत अडकली. बोललो असतो तर आरोपी तू ठरली असतीस. म्हणून सहा आठवडे मूग गिळून बसलो आणि मशीनवर उजव्या कुशीला वळून पडत राहिलो.

बिंग फुटलं एका सोमवारी. नर्सने पांघरूण घातलं, त्याची कड मांडीला लागली, आणि मी तोंडाने लांबलचक श्वास आत ओढला. ताई, हुबेहूब तुझा श्वास! पलीकडच्या पलंगावरून कुणीतरी विचारलं, "मुलुखिया कोण करतंय रे? इकडेही दोन वाडगे पाठवा." हाताला सुया लावलेली अकरा माणसं पोट धरून हसली. मीही हसलो. एकट्या आमच्या डॉक्टरीणबाई बसंत हसल्या नाहीत. पडदा ओढून त्यांनी मांडी पाहिली.

"काका, हे कधीपासून?"

"कालपासून."

"काका."

"सहा आठवडे."

मग मी सगळं ओकलो, ससा, पाला, तीन वाडगे. पडद्यापलीकडे कौसर डबा घेऊन उभी होती हे मला काय ठाऊक. तिने तिथूनच तुला फोन लावून 'वन्सं, तुम्ही माझ्या नवऱ्याला वाडग्यातून विष वाढलंत' असं म्हटलं. पुढचं तुला माहीतच आहे.

मांडीचा तुकडा तपासायला गेला, आणि काल निकाल आला. हा एक दुर्मीळ आजार आहे. मशीनवरच्या माणसांना क्वचित होतो. कातडीतल्या बारीक शिरांत चुना बसतो आणि वरची कातडी मरते. आता ऐक. हिरव्या पाल्यात एक जीवनसत्त्व असतं. त्याच्या जोरावर शरीर एक पहारेकरी पोसतं, जो शिरांत चुना बसू देत नाही. रक्त पातळ करणारी गोळी त्याच जीवनसत्त्वाचे हात बांधते, मग पहारेकरी उपाशी! मी म्हटलं, "म्हणजे मुलुखिया हा पहारेकऱ्याचा डबा की!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, ते औषध समजून खाऊ नका हं." एकट्या गोळीनंच झालं असं त्या छातीठोक सांगत नाहीत. मूत्रपिंडं, चुना, सगळ्यांचा हातभार असतो. पण संशयितांच्या रांगेत गोळी पुढे उभी आहे आणि तुझा वाडगा त्या रांगेतच नाही. सुया नसत्या तर मी नाचलो असतो.

ती गोळी बंद झाली. तिच्या जागी दुसरी आली आहे, तिचं पाल्याशी भांडण नाही. मशीनचा एक दिवस वाढला, आणि शेवटच्या तासाला एक औषध शिरेतून देतात, त्याने मळमळतं. जखम लिंबाएवढी आहे, सुकेल. काळजीचं काही कारण नाही.

तुझा आनंदी भाऊ,
मुतवल्ली

ता. क. मूत्रपिंडं गेलेल्याला मुलुखिया दोनच चमचे, तेही विचारून, असं डॉक्टरीणबाईंनी जाता जाता सांगितलं. म्हणजे सुटका मुलुखियाची झाली, माझी नाही.

ता. क. दुसरा. खरं सांगायचं ते हे. कालपासून कौसर जेवलेली नाही. मगरिबची बांग झाली तशी ती सवयीनं उठली, गोळ्यांची डबी काढली आणि तशीच घेऊन बसली. "नऊ वर्षं मी माझ्या हातानं भरवलं," एवढंच बोलली. याच गोळीनं नऊ वर्षं यांना पक्षाघातापासून वाचवलं, असं डॉक्टरीणबाईंनी तिला दोनदा सांगितलं. माझं तर ती ऐकतच नाही. तुला जे म्हणाली तेच आता स्वतःला म्हणते आहे. तो आरोप डोक्यावर घेऊन बसणं कसं असतं हे तुला कळतं, म्हणून तूच येऊन तिला सांग.

ता. क. तिसरा. वन्सं, मी कौसर. टपालात टाकायच्या आधी पाकीट उघडलं. यांची वाक्यं मलाच पूर्ण करावी लागतात. जखम लिंबाएवढी नाही, माझ्या तळहाताएवढी आहे, आणि पुढे काय होईल ते डॉक्टरीणबाई सांगत नाहीत. मी ससा आणून ठेवलाय, लसूण सोललाय. दोन चमच्यांपुरतीच करायची आहे, पण तो श्वास मला जमत नाही. मला वाटेल ते बोला, पण या.