डोंगरावरचा निळा भाग

मी, खाली सही करणारी, वय सत्तर, पूर्वी भूगोलाची शिक्षिका आणि नंतर धाकट्या बहिणीच्या, फोम कोरून डोंगरांच्या प्रतिकृती बनवण्याच्या, कामात मदतनीस, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कुणी सांगितले म्हणून लिहीत नाही. उलट, लिहू नकोस असे सांगणारा एक जण आहे. यापूर्वी असा कागद मी केलेला नाही. घर माझ्या एकटीच्या नावावर आहे.

१. मागची कामाची खोली भाचीला, म्हणजे माझ्या भावाच्या मुलीला. तापत्या तारेची करवत, सुऱ्या, तारेचे ब्रश, सगळे तिचे. चुरगळलेल्या फॉइलचे गोळे कचरा समजून टाकू नयेत. फोमवर ते दाबले की खडकाचा खरखरीतपणा उमटतो, आणि बहिणीने प्रत्येक खडकासाठी वेगळा गोळा ठेवला होता.

२. बँकेत जे असेल ते बहिणीची शुश्रूषा करणाऱ्या बाईंना. आम्ही सगळे ‘पडून राहा’ म्हणत होतो. त्यांनी तिच्या पाठीला उशी लावली आणि फोमची पाटी मांडीवर दिली.

३. भावाबद्दल. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

फोमवर स्प्रे-रंगाच्या डब्यातला फवारा थेट मारला तर फोम विरघळतो. म्हणून आधी पांढरा डिंक, बारीक वाळू आणि काळा रंग कालवून ब्रशने लेप द्यायचा. रंग काळा अशासाठी, की लेप जिथे लागला नाही तिथे खालचा निळा फोम दिसावा. निळे दिसतेय तोवर फवारा नाही, हे आमच्या घरात पोरासोरांना ठाऊक होते. रेल्वे संग्रहालयासाठीचा डोंगर बहिणीने कोरून पुरा केला. लेप देणे माझे काम. लेपाचा एक हात झाला होता, दुसरा राहिला होता, आणि ती गेली.

शोकसभेला तो डोंगर तिच्या फोटोशेजारी ठेवायचे भावाने ठरवले. मी पुढच्या खोलीत, आलेल्या लोकांत बसले होते. मागे काय झाले ते भाचीने सांगितले.

“हे निळं निळं काय राहिलंय? लोक काय म्हणतील?”

“बाबा, आत्याला विचारा आधी.”

“मी काय बाहेरचा आहे? याच घरात वाढलोय.”

आणि त्याने काळा फवारा नेमका निळ्या जागांवर मारला.

डोंगर बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडावर देवी आल्यासारखे खड्डे होते. लोक बघत राहिले. भाऊ हळहळत म्हणाला, “काय करणार. शेवटी शेवटी बारकीचा हात थरथरायचा.” सगळ्यांनी माना हलवल्या. संग्रहालयाच्या साहेबांनीही. ज्या हातांनी तिने शेवटपर्यंत काम केले, ते तिच्या फोटोसमोर असे बदनाम झाले. नंतर मी भावाला एवढेच विचारले, “असं का म्हणालास?” तो म्हणाला, “ताई, गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?”

मला पडतो.

४. तो डोंगर संग्रहालयाला द्यावा, दुरुस्त न करता. ज्याला हाताबद्दल शंका असेल त्याने मागच्या कड्यावरच्या भेगा पाहाव्यात. तिथे फवारा पोचला नव्हता. सुरीची रेघ कुठेही डगमगलेली नाही.

५. घराचा पुढचा भाग भावाला हवा आहे. बहिणीच्या आजारपणात तो दोनदा आला आणि दोन्ही वेळा खिडक्यांची मापे घेऊन गेला. तो भाग त्याला मिळेल, पण एका अटीवर. माझ्या शोकसभेत त्याने उभे राहून सांगावे, “हात बारकीचा थरथरला नव्हता. फवारा मी मारला.” शब्द शोधायची तसदी नको, म्हणून मीच लिहून दिले. ‘गैरसमज झाला’, ‘घाईत झाले’ असली सारवासारव चालणार नाही. बोलला नाही, तर तो भागही भाचीचा.

दोघी बहिणी आता ऐकायला नाहीत, मग बोलायचे कुणासाठी, असे तो म्हणेल. ज्यांनी माना हलवल्या ते समोर बसलेले असतील. त्यांच्यासाठी.

हे सर्व वाचून, समजून सही केली आहे.

सही: थोरली बहीण

साक्षीदार:
फोमचे दुकानदार (सही)
शेजारच्या डॉक्टरीणबाई (सही, प्रकृती तपासली, शुद्धीत व शांत आहेत)

ठिकाण: राहते घर, मागची खोली
दिनांक: बारा जानेवारी