आभाराचा बॅनर

गुरुवार, संध्याकाळ. दहिसर

मी आमदार झाल्यापासून दर गुरुवारी माझ्या टेबलावर रिकामी कळशी आपटणाऱ्या, चाळीतल्या गावकरकाकू आज चक्क पेढे घेऊन आल्या. म्हणाल्या, "साहेब, पाणी झकास येतंय. तुमच्या पत्रानं काम झालं."

कुठलं पत्र? ते तर सहीसाठी अजून माझ्याच खणात पडलंय! तरी मी पेढा खाल्ला. तिथंच चुकलं.

माझा पीए प्रसाद दाराशी उभा राहून हसत होता. काकू गेल्यावर विचारलं, "वॉर्ड ऑफिसला तू फोन केलास का रे?"

"तुमच्याच नावानं केला ना, साहेब."

माझ्या नावानं, आणि मलाच पत्ता नाही? खण पुन्हा उघडला. पत्र तिथंच, बिनसहीचं.

घरी येताना चाळीच्या तोंडाशी आभाराचा बॅनर दिसला. गाडी थांबवली. वर मी, गेल्या निवडणुकीतला जुनाच फोटो. खाली शुभेच्छुक म्हणून प्रसाद. एरवी त्याचा फोटो पासपोर्टएवढा असतो. आज माझ्याएवढा. नवाकोरा, स्टुडिओत काढलेला, हात जोडून.

ऑफिसात कायम चौकड्यांचा शर्ट घालतोस. पांढरा कुर्ता कधी शिवलास रे, प्रसाद?