नातेवाईक: नाहीत

प्रिय बाबा,

हे पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवू नका. एरवी माझ्या नोकरीच्या कागदापासून वाढदिवसाच्या चिठ्ठीपर्यंत सगळं तुम्ही खुर्ची पुढे ओढून, घसा खाकरून वाचता. हे मात्र आधी एकट्यानं वाचा. फोनवर सांगायचा प्रयत्न तीनदा केला, पण तुम्ही 'काय म्हणतात बाईसाहेब?' असं सुरू करता आणि मी जेवणाखाणाचं विचारून फोन ठेवते. तुमचा कारखाना बंद होऊन दोन महिने झाले. त्याबद्दल मला काय माहीत होतं, ते मी तुम्हाला अजून सांगितलेलं नाही.

पदवीनंतर मला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता. एक व्यवस्थापनाचा, दुसरा नुसत्या फायनान्सचा. कुठला घ्यावा हे घरात कुणालाच कळत नव्हतं. तुम्ही अर्ध्या दिवसाची रजा टाकून दोन्ही माहितीपुस्तकं कारखान्याच्या हिशेब विभागात नेलीत आणि तिथल्या बाईंना एकेका विषयाचा अर्थ विचारून भंडावून सोडलंत. सोबत मिशीकाका होतेच. तीस वर्षं तुमच्या समोरच्या बाकावर साचे घासणारा माणूस तुम्हाला एकट्याला थोडाच जाऊ देणार! परत येऊन तुम्ही निकाल दिलात, की व्यवस्थापनात सगळ्यातलं थोडंथोडं आहे, फायनान्समध्ये एकच गोष्ट खोलवर आहे, आणि ज्याला एक गोष्ट नीट येते त्याला कुणी हलवत नाही. मिशीकाका म्हणाले, एवढं शिकून लोकांचे पैसेच मोजायचे ना, मग माझेही मोज, दोन मिनिटांत होतील. मी फायनान्स घेतलं. खरं सांगू? मला तेव्हा दोन्हींतला फरक कळलाच नव्हता. तुमच्या बोलण्यातली खात्री आवडली, एवढंच.

पहिल्या सहामाहीत मी रडकुंडीला आले होते. कंपनीची किंमत कशी ठरवायची, या विषयात चक्क नापास झाले. तुम्ही म्हणालात, माप चुकलं तर डोकं धरून बसायचं नाही, पुन्हा मापायचं. मी पुन्हा मापलं, आणि पुढे त्याच विषयावर नोकरी मिळाली. आमचं ऑफिस कंपन्या विकत घेणाऱ्यांना सल्ला देतं. पहिलं वर्ष उमेदवारीचं. पाच महिने मी दुसऱ्यांच्या तक्त्यांतले रकाने सरळ केले, पानांना क्रमांक घातले. तुम्ही मात्र गल्लीभर सांगत सुटलात की पोरगी कंपन्या विकते.

सहाव्या महिन्यात पहिलं खरं काम आलं. बाहेर सुगावा लागू नये म्हणून आमच्याकडे कामांना टोपणनावं देतात. याचं नाव होतं 'खंड्या'. फाइल उघडली तर पहिल्याच पानावर तुमच्या कारखान्याच्या फाटकाचा फोटो. घेणाऱ्यांना फक्त नाव आणि दोन नव्या मशिनी हव्या होत्या. तुमचा साच्यांचा विभाग माझ्या तक्त्यात एक ओळ होता. सत्तेचाळीस माणसं. ती ओळ काढली तर किती वाचेल हे मांडायचं काम माझ्याकडे होतं. मी ते मांडलं, बाबा. नीट मांडलं, दोनदा तपासलं. साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली आणि मला आनंद झाला. तो आनंद आठवला की आज माझीच मला शिसारी येते.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी तुमचा फोन आला. कारखान्यानं स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली होती. महिनाअखेरपर्यंत सही केली तर अडीच वर्षांचा पगार एकरकमी. मिशीकाका सही करणार होते आणि तुमच्याही मागे लागले होते. तुम्ही म्हणालात, 'त्याचं सोड, तो घाबरट आहे. तू यातलं शिकलीयस, तू सांग.' मी खिडकीपाशी उभी होते. समोरच्या गच्चीवर एक बाई चादर झटकत होती. तिची चादर झटकून, घडी घालून होईपर्यंत मी तिच्याकडेच बघत राहिले. मग म्हणाले, तुमच्या मनाला पटेल ते करा. तुम्ही हसलात. 'म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही. असतं तर तू बोलली असतीस.' तुम्ही सही केली नाहीत. चार महिन्यांनी फाटकाला कुलूप लागलं आणि मागे राहिलेल्यांच्या हातावर कायद्यापुरती रक्कम टेकवली.

मी स्वतःची समजूत घालत राहिले, की असल्या कामातली गोष्ट बाहेर बोलायची नसते, कायदाच तसा आहे. ते खरंच आहे. पण मी गप्प बसले त्याचं कारण ते नव्हतं. काम हाती घेताना एक फॉर्म भरावा लागतो. या कंपनीत तुमचे कुणी जवळचे नातेवाईक काम करतात का? मी लिहिलं, नाहीत. 'आहेत' लिहिलं असतं तर मला दुसऱ्या कामावर पाठवलं असतं, एवढंच. मग त्या रविवारी मला आतलं काही माहीत नसतं आणि कुठल्याही शिकलेल्या पोरीनं सांगितलं असतं तेच मीही सांगितलं असतं, की बाबा, पैसे घ्या आणि बाहेर पडा. मला पहिलं काम हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. आणि फोनवर तुम्हाला 'सही करा' म्हटलं, तर उद्या कुणीतरी तो फॉर्म उघडून बघेल, या भीतीनं मी तुम्हाला बुडू दिलं. काल साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी ओळखपत्र काढून घेतलं. ही नोकरी आता राहणार नाही.

परवा धाकट्याचा फोन आला होता. रडत होता. म्हणाला, मिशीकाका घरी आले होते, पेपरात कारखान्याच्या विक्रीच्या बातमीत आमच्या ऑफिसचं नाव वाचून. ते म्हणाले की पोरीला माहीत असणार, आणि तुम्ही त्यांना दंडाला धरून दाराबाहेर काढलंत. 'माझी पोर मला अंधारात ठेवायची नाही, पुन्हा या घराची पायरी चढू नकोस,' असं म्हणालात म्हणे. तेव्हापासून तुम्ही संध्याकाळी फिरायलाही जात नाही, कारण वाट त्यांच्या घरावरून जाते. म्हणून हे लिहायला बसले. माफी मागायला मला तोंड नाही, आणि तुम्ही ती घाईघाईनं देऊ नका. फक्त चपला घाला आणि त्यांच्याकडे जा. ते खरं बोलले होते, बाबा. खोटी मी होते, आणि दाराबाहेर त्यांना काढलंत.

तुमचीच, अजून तसं म्हणू दिलंत तर,
बबडी