उजवी बाजू कोरी

३ नोव्हेंबर
नोकरी लागली! पंप बनवणारा कारखाना, जुने कॉम्प्युटर, त्याहून जुनी धूळ. कॉम्प्युटर क्लासात झाडू मारता मारता मी हा दुरुस्तीचा धंदा शिकलो, तेव्हा धुळीशी आपलं घरचं नातं. स्टोअरवाले काका म्हणाले, तुमच्याआधी भलेभले हात टेकून गेलेत. मी म्हटलं, मग मला टेकायला निदान बरी खुर्ची द्या. हसले.

राहायला कारखान्यामागची खोली. एकट्याला पुरे. बायको गेल्यापासून एका कपाचा चहा काही जमत नाही, दोन होतातच. ती हाक मारत नसे, कपावर चमचा दोनदा वाजवायची. भिंतीपलीकडूनही ऐकू यायचं मला. कान तिखट आहेत माझे.

४ नोव्हेंबर
दुखणं सापडलं. मालकीणबाईंच्या यजमानांनी प्रत्येक यंत्राची हेल्प फाईल स्वतः लिहिलेली, घरच्या कॉम्प्युटरवर, आणि इथे मेलने पाठवलेली. ते गेल्या वर्षी वारले. आता फाईल उघडली की डावीकडे विषयांची यादी दिसते, उजवी बाजू कोरी. विंडोजचा पहारा आहे तो. बाहेरून आलेल्याला आत घेतो, पण तोंड उघडू देत नाही. फाईली ठेवल्यात कारखान्याच्या शेअर्ड डिस्कवर, आणि लोक तिथेच झटापट करत बसतात. फाईल आधी आपल्या मशीनवर कॉपी करायची, मग प्रॉपर्टीजमध्ये तळाशी 'अनब्लॉक'चं बटण दाबायचं.

माझ्या लॅपटॉपवर पहिली उघडली. पंपाचं सील बदलायची कृती, आणि शेवटी: 'झालं. आता हात पूस आणि घरी चल.' बाई माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या. म्हणाल्या, अगदी असंच म्हणायचे. मग कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिल्या.

७ नोव्हेंबर
सगळ्या उघडल्या. एक जास्तीची निघाली. तारीख कालची.

प्रॉपर्टीजमध्ये तेच वाक्य: ही फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आली आहे. कुठल्या? घरचा कॉम्प्युटर तर काकांनी स्वतःच्या हाताने भंगारात घातलाय. यादीत एकच विषय: 'तुला न्यायला'. उजवीकडे कोरं.

काका म्हणाले, पुसून टाका, उगाच नाही अडवलेली. बाई म्हणाल्या, माझ्या नवऱ्याचं आहे, उघडा. लॅपटॉप तापलाय म्हणून मी वेळ मारून नेली. पण त्यांच्या आवाजातली ती ओढ माझ्या ओळखीची आहे.

९ नोव्हेंबर
दाबलं बटण. बाईंचं रडणं बघवेना.

मला उजवीकडे काहीच दिसलं नाही. त्या मात्र वाचत होत्या, ओठ हलत होते. मला म्हणाल्या, तुम्ही जेवून या, घाई नाही.

आलो तेव्हा खुर्चीतच होत्या. हात स्वच्छ पुसलेले, रुमालाची घडी बाजूला. चेहरा लग्नाच्या फोटोतल्यासारखा. हात लावला तर— गार.

यादी रिकामी.

११ नोव्हेंबर
डॉक्टर म्हणतात, हृदय. काका माझ्याशी बोलत नाहीत. बरोबरच आहे त्यांचं. बटण माझ्या बोटाने दाबलं गेलं.

१२ नोव्हेंबर
शेअर्ड डिस्कवर नवी फाईल. हाताच्या सवयीने लॅपटॉपवर कॉपीही केली. एकच विषय—

'चहा गार होतोय'.

पुसली. दोन्हीकडून.

१३ नोव्हेंबर
पुन्हा आलीय, थेट माझ्या लॅपटॉपवर. भरदुपार. बाई गेल्या म्हणून कारखाना बंद. खोलीत मी एकटा, कप दोन.

टण् टण्.

स्पीकरमधून नाही. पाठीमागून—

अगं, कळतंय मला काय होईल ते. बाईंचं पाहिलंय ना. पहारा कशासाठी असतो तेही कळलं. पण तू चमचा वाजवावास आणि मी बसून राहावं, असं कधी—

डाव्या हाताने लिहितोय. उजवा बटणावर.

टण् टण्.

ऐकलं गं. आलोच, एवढे हात पुस