घरातली ओल आणि तुमचा कूलर

खडकी, पुणे
ऑगस्टअखेर, पाऊस चालूच

आदरणीय संतोषभाऊ यांस,
तुमचा मेहुणा दशरथ याचा सप्रेम जयभीम.

आम्ही सर्व इकडे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. पुढचं वाचून झालं की हे वाक्य तुम्हीच खोडून टाका. तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनींची साखर काय म्हणते? नागपुरात ऊन पडतं का? (हे शेवटचं निव्वळ हेव्यानं विचारतो आहे. आमच्या सोसायटीत हल्ली ऊन पडलं तर लोक ते बघायला गॅलरीत येतात.) फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण फोन केला तर तुमची बहीण हिरा शेजारी बसून ऐकते आणि व्हॉट्सॲपवर लिहिलं तर तुम्ही ते कुटुंबाच्या ग्रुपवर सर्वांच्या माहितीसाठी पुढे पाठवता. म्हणून हे पत्र. पोस्टात मी स्वतः टाकणार आहे. पाकिटाला डिंक लावायची गरज पडणार नाही. कपाटातली सगळी पाकिटं दमट हवेनं आपली आपण चिकटून बसली होती, त्यातलं हे एक चहाच्या वाफेवर उघडून घेतलं आहे.

भाऊ, मी घाबरलो आहे. आडवळणानं सांगण्यात अर्थ नाही. आपली नात तनया आता रांगते, भिंतीला धरून उभी राहते, मला ‘आबा’ म्हणते (सून निकिता म्हणते ती सगळ्यांनाच आबा म्हणते, कुकरलासुद्धा, पण ते असो). आमचा अभय आणि निकिता दिवसभर कंपनीत, त्यामुळे दुपारी पोर आम्हा दोघांकडे असते. मागच्या खोलीत ती पाळण्यात झोपते आणि मी शेजारच्या दिवाणावर राखणीला आडवा होतो. पंधरवड्यापूर्वी हिरा दारापर्यंत आली आणि तिथेच थबकली. आतून बारीक शिट्टी येत होती, श्वासाबरोबर येणारी आणि श्वासाबरोबर थांबणारी. संध्याकाळी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नळी लावून पुढून ऐकलं, मागून ऐकलं, आत्ता तरी छाती स्वच्छ आहे म्हणाले आणि मग मान वर न करता विचारलं, घरात ओल आहे का? निकितानं त्याच दिवशी सांगून टाकलं की महिनाअखेरपर्यंत ती खोली कोरडी झाली नाही तर ती तनयाला घेऊन हडपसरला आईकडे जाईल. ती चिडून बोलली असती तर मी समजून घेतलं असतं. ती अगदी हळू आवाजात बोलली.

दुसऱ्या दिवशी अभयनं बुधवार पेठेतून एक यंत्र आणलं. गजराच्या घड्याळाएवढं, पण वेळ सांगत नाही. हवेत किती दमटपणा आहे ते टक्क्यांत सांगतं. चाळीस ते साठच्या मध्ये असलं की घर चांगलं, त्यापुढे बुरशी, असं त्यानं मला समजावलं. मला! मी सगळी नोकरी दारूगोळ्याच्या फॅक्टरीत काढली. आमच्या खात्यात भिंतीवर असाच एक काटा असायचा आणि तो लाल रेघेच्या पुढे सरकला की काम थांबायचं, साहेब लोक लगबगीनं यायचे आणि विनोद सांगणारा माणूस अर्ध्यात गप्प व्हायचा. निवृत्त झालो तरी ती रेघ अंगातून गेली नाही. तर यंत्र तनयाच्या खोलीत ठेवलं आणि आकडा आला सत्त्याऐंशी. मी सवयीनं दरवाजाकडे धावलो. चपलासुद्धा घातल्या. हिरा पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, “अहो, बाहेर निघालाच आहात तर कोथिंबीर आणा.” सत्त्याऐंशी टक्के, आणि बाई कोथिंबीर मागते! मी आणली. (ओलीच होती.)

मग आम्ही तपासणी सुरू केली आणि भाऊ, आपण ज्या घरात राहतो त्याला आपण कधी नीट बघितलेलंच नसतं. भिंतीला चिकटवून ठेवलेलं कपाट अभयनं आणि मी ओढलं तर मागे मोहरी सांडल्यासारखे काळे ठिपके, जमिनीपासून माझ्या खांद्यापर्यंत. मी फडक्यानं पुसायला गेलो तर निकिता किंचाळली, कोरडं पुसू नका बाबा, सगळी हवेत उडेल आणि तिच्या छातीत जाईल! मी फडकं हातात धरून श्वास रोखून तसाच उभा. मग तोंडाला मास्क बांधून, पोरीला बाहेर नेऊन, साबणाच्या पाण्यानं भिंत धुतली. चार दिवसांनी ठिपके परत आले आणि सोबत नातेवाईक घेऊन आले. बुद्धमूर्तीच्या खालच्या फळीवरची माझी पुस्तकं उघडून पाहिली तर पानापानावर पांढरी लव. उमेदीच्या काळात एकेक करून जमवलेली पुस्तकं, आणि आता उघडली की शिंका येतात. लग्नातल्या सुटाला कॉलरपाशी बुरशी आली आहे. पोहे मऊ, मीठ ओलं, पापडांबद्दल न बोललेलं बरं.

पहिला संशय मी वरच्या मजल्यावरच्या दुर्गाबाईंवर घेतला. त्यांचं न्हाणीघर बरोबर या खोलीच्या वर आहे. मी जिना चढून अत्यंत नम्रपणे विचारलं की तुमच्याकडून आमच्याकडे पाणी झिरपत असेल का. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “आमच्याकडून खाली यायला ते आधी आमच्यापर्यंत वर चढावं लागतं. चढलं की कळवते.” आणि दार लावलं. तरी प्लंबर आणून बघितलं. छत खडखडीत कोरडं, बाहेरून भिंतीला चीर नाही. म्हणजे पाणी घरातच तयार होत होतं. अभयनं नियम काढले: आंघोळीनंतर एक्झॉस्ट चालू ठेवायचा, भांड्यावर झाकण, कपाट भिंतीपासून चार बोटं लांब, दुपट्यांची दोरी खोलीतून गॅलरीत, आणि बाहेर पाऊस उघडला की समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघड्या. अंमलबजावणी माझ्याकडे. मी न्हाणीघराबाहेर पहारा देतो, वरणाची झाकणं मोजतो, माणसं तोंड उघडून हसली तरी मला त्यातून वाफ निघताना दिसते. हे सगळं करून आकडा शहाऐंशी झाला.

आता जे लिहायचं टाळत आलो ते लिहितो. भाऊ, तो तुमचा कूलर आहे.

नव्या घरासाठी तुम्ही नागपूरहून ट्रकनं तो पाठवलात तेव्हा सोसायटीतले लोक पाहायला आले होते. लोखंडी, न्हाणीघराच्या दारातून आत जाणार नाही इतका. तुमच्याकडे तो खिडकीबाहेर बसतो, दारं उघडी असतात, बाहेर भट्टी पेटलेली असते आणि गवताच्या जाळीतून आलेली हवा अमृतासारखी लागते. मीही तिकडचाच आहे, मला का माहीत नाही? पण इथे खिडकीला तो मावला नाही म्हणून हिरानं तो खोलीच्या आत ठेवला. डासांच्या भीतीनं खिडक्या बंद, पोरीला वारा लागू नये म्हणून दार बंद, आणि आत कूलर भर पावसाळ्यात घरघरतो आहे. बादल्यांनी पाणी पितो आणि सगळं त्या बंद खोलीत सोडतो. मी एकदा म्हटलं, अगं, बाहेर पाऊस आहे, गारवा आहे, हा कशाला? ती म्हणाली, माझ्या भावानं दिला आहे. यापुढे चर्चा होत नाही. तुम्ही तिला लहानाचं मोठं केलंत, शिकवलंत. तुमच्या कूलरला वाईट म्हणणं म्हणजे मी कुणाला वाईट म्हणतो आहे हे तिला तत्काळ समजतं.

अभयनं यावर विज्ञानाचा उपाय केला. हवेतलं पाणी शोषून घेणारं एक मशीन आणलं आणि त्याच खोलीत लावलं. संध्याकाळपर्यंत त्याची टाकी काठोकाठ भरली. मला इतका आनंद झाला की विचारू नका. म्हटलं, चला, शत्रू पकडला गेला. रोज टाकी भरायची, रोज आकडा तिथल्या तिथे. मला वाटू लागलं की घराखाली झरा आहे. खडकवासल्याचं पाणी आमच्या दिवाणाखालून जातं अशीही एक शंका मी अभयजवळ बोलून दाखवली. मग परवा हिराला रंगेहाथ पाहिलं. ती मशीनची टाकी काढत होती आणि ते सगळं पाणी कूलरमध्ये ओतत होती. इतकं स्वच्छ पाणी मोरीत कशाला ओतायचं, म्हणाली, इथे नळाला पाणी येतं किती! म्हणजे एक मशीन पाणी हवेत सोडतं, दुसरं ते गोळा करतं, आणि माझी बायको ते उचलून पहिल्याला देते. हे अभयला सांगायचं धैर्य मला झालेलं नाही. निकिताला सांगायचं तर त्याहून नाही.

महिना संपत आला आहे. कपाटाच्या मागची भिंत मी रोज सकाळी बघतो आणि नंतर तनयाचा चेहरा बघतो. दोन्ही वेळा सारखीच भीती वाटते. घरात पोर नसलेल्या दुपारी कशा जातील ते मला माहीत नाही. वहिनींना आणि मुलाबाळांना जयभीम सांगावा.

आपला,
दशरथ

ता. क. – खरं काम असं की हे पत्र मिळताच हिराला फोन करा आणि कूलर परत मागा. तुमचा बिघडला म्हणा, जावयाला हवा म्हणा, काहीही म्हणा. भावानं मागितला तर ती हसत देईल. ट्रकचं मी बघतो. मात्र मी लिहिलं हे कळता कामा नये. मला या वयात नवीन घर शोधता येणार नाही.

ता. क. दुसरा – पाकीट बंद करायच्या आतच निकितानं वाट न पाहता आज सकाळी तनयाला हडपसरला नेलं. दुपारी मी सवयीनं त्याच दिवाणावर जाऊन पडलो. हिरा आत आली आणि तिनं आपल्या हातानं कूलर बंद केला. मी उठून बसलो. म्हणाली, “मला काय गारवा हवा होता होय? ती शिट्टी मला ऐकवत नव्हती. याच्या घरघरीत ती बुडून जायची. आता पोरच नाही, कशाला चालू ठेवू?” आणि पाळण्याच्या कडेला धरून रडू लागली. मी परत आडवा झालो. खोली पंधरवड्यात पहिल्यांदाच अगदी शांत होती. आणि भाऊ, त्या शांततेत शिट्टी आली. बारीक, श्वासाबरोबर. आम्ही दोघांनी पाळण्याकडे पाहिलं. पाळणा रिकामा. मग हिरानं माझ्याकडे पाहिलं. मी श्वास रोखला, शिट्टी थांबली. सोडला, परत आली.

फोनवर हे कळताच निकिता पोरीला घेऊन उद्या परत येते म्हणाली आहे. माझा डॉक्टरांकडचा नंबर उद्या सकाळचा आहे. हिरानं खोलीच्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या आहेत आणि माझ्याशेजारी बसून आहे. पोरीची भीती आम्ही चौघांनी वाटून घेतली होती, ही मात्र एकट्याची आहे आणि मला पेलत नाही. तेव्हा फोन जरूर करा, पण कूलर मागू नका. ही भिंत वाळेपर्यंत मला मागून घ्या.