मागच्या खोलीच्या दाराबाबत

मी, जिला गल्लीत लहानथोर सगळे स्क्रूवाली आजी म्हणतात ती, वय शहात्तर, शाळा तिसरीपर्यंत, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण सही गुडघ्यांनी करत नाहीत. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही.

घराच्या तिन्ही खोल्या नातीला द्याव्यात. ती थोरल्याची मुलगी, पण वाढली माझ्याकडे. थोरल्याने हरकत घेऊ नये. पोरीच्या हाताला पेट्रोलचा वास येतो म्हणून तिला जेवताना वेगळं बसवणारी त्याचीच बायको होती.

पेचकस, पितळी ब्रश, जेट साफ करायच्या तारा, हेही नातीलाच. लोक कार्बोरेटर घरी आणून देतात ते आता तिच्या हातासाठी, माझ्या नव्हे. चौकातल्या गॅरेजवाल्याला एक वायसरसुद्धा देऊ नये. तो माझ्याकडे शिकला आणि म्हातारी बहिरी झाली म्हणून गावभर सांगत सुटला. गाडी गल्लीत वळते तेव्हाच मला कळतं तिचा जेट तुंबलाय की फ्लोट अडकलाय.

धाकट्याला माझा पलंग द्यावा. त्याच्यावर झोपून त्याचीही पाठ धरू दे.

आता यांच्या मोटरसायकलीचं. यांच्या म्हणजे माझ्या नवऱ्याच्या. हे नीट वाचावं.

कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू पूर्ण आवळायचा आणि मग सोडायचा. मी दीड फेरा सोडते. हे पाऊणच सोडायचे. त्याने पेट्रोल जास्त जातं, धूर जड होतो, पण आवाज गोड लागतो, असं यांचं म्हणणं. तो आवाज ऐकायला हे मागच्या खोलीत गाडी चालू ठेवून बसायचे. शेजारी पत्र्याचा कारखाना होता, त्याचे ठोके मध्ये यायचे. मग मला हाक, "दार लाव गं."

त्या दुपारीही मी दार लावलं. वाऱ्याने उघडत होतं, म्हणून बाहेरून कडी घातली. आमचं भांडण झालेलं नव्हतं. जाऊबाई अजून तसं सांगत असतील तर त्यांनी थांबावं. मी धान्य निवडत बसले. गाडी इतकी सुरेख चालली होती की मला उठावंसं वाटेना. पेट्रोल संपून आवाज थांबला, तेव्हा कडी काढली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

त्यानंतर त्या गाडीचा स्क्रू मी कितीदा दीडवर ठेवला. सकाळी पाहावं तर पाऊण. टाकी कोरडी करून गाडी भंगारवाल्याला दिली. तिसऱ्या दिवशी तो परत घेऊन आला. म्हणाला, "आजी, चालू गाडी भंगारात कशी घेऊ?" मी पैसे परत केले आणि काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

गेल्या महिन्यात मी दवाखान्यातून आले तर मागच्या खोलीत गाडी चालू आणि दाराला बाहेरून कडी. घरात दुसरं कोणी नाही. आत नात, टाकीला डोकं टेकून बसलेली. ओढून अंगणात आणली, तोंडावर पाणी मारलं.

"दार कोणी लावलं गं?"

"तूच लावलंस ना. म्हणालीस, पाऊण ठेव, दार लावते, पत्र्याचा आवाज येतोय."

"मी दवाखान्यात होते, बाई."

"आजी, मस्करी करू नकोस. डोकं दुखतंय."

कारखाना बंद पडून सहा वर्षं झाली.

तेव्हा, एक. मागच्या खोलीचं दार मी गेल्याच्या दिवशीच काढावं, चौकटीसकट. सुताराला सांगून ठेवलंय.

दोन. कार्बोरेटर मी खोलून चार पुड्या बांधल्या आहेत. जेटची पुडी थोरल्याला, फ्लोटची धाकट्याला, सुईची जाऊबाईंना, रिकामा सांगाडा चौकातल्या गॅरेजवाल्याला. वर त्याला वायसरही देऊ नये असं लिहिलंय, ते खोडत नाही; हा सांगाडा बक्षीस नव्हे. थोरल्या-धाकट्यात सामाईक भिंतीतल्या एका खिळ्यावरून अकरा वर्षं अबोला आहे. जाऊबाई कोणाकडे जात नाहीत. गॅरेजवाल्याला कोणी दारात उभं करत नाही. हे सगळं असंच चालू ठेवावं. माझ्या दिवसांना जमून कोणी समेटाची भाषा काढली, तर ती माझी इच्छा नाही असं हा कागद दाखवून सांगावं.

तीन. नातीने काम पुढच्या खोलीत, रस्त्याकडे तोंड करून करावं. आवाज नीट येत नसेल तर नसू दे. दीड फेरा बोटांना कळतो.

यापूर्वी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. यानंतरचं मात्र सांगते. बाळे, मी गेल्यावर माझ्या आवाजात तुला कोणी काही सांगितलं, कितीही मायेने, अगदी तुझ्या लाडक्या नावाने हाक मारून, तरी ते रद्द समजावं. मी जे सांगायचं ते इथे लिहून संपलं आहे.

सही: स्क्रूवाली आजी
स्थळ: राहतं घर, पुढची खोली
तारीख: चौदा, सोमवार, सकाळी दहा

साक्षीदार पहिली: शेजारची शिंपीण. आजींनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरा: दवाखान्यातला कंपाउंडर. माझ्यासमोर सही केली. गेल्या महिन्यात नात कोंडलेली सापडली त्या दिवशी आजी सकाळपासून आमच्या बाकावर होत्या, हे मी शपथेवर सांगतो.